बाकावरची आन्या

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

हँडबॉल म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये निम्म्या जणांना व्हॉलीबॉल आठवतो आणि उरलेल्यांना फुटबॉलमधला फाऊल! म्हणून आधी थोडक्यात खेळ सांगते. ४० बाय २० मीटरचं कोर्ट, प्रत्येक बाजूला सात जण, त्यात एक गोलकीपर. चेंडू हातात घेऊन तीनच पावलं टाकायची. गोलसमोर सहा मीटरची रेषा असते, तिच्या आत फक्त कीपर. पण रेषेबाहेरून उडी मारून हवेतच चेंडू सोडला तर चालतं, आणि खरी मजा त्या उडीत आहे. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. डेन्मार्कमधल्या होल्गर निल्सन नावाच्या शिक्षकाने १९०६ मध्ये या खेळाचे नियम छापले, म्हणून डॅनिश लोक याला आपला घरचाच खेळ मानतात.

त्याच डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावी १९६९ मध्ये आन्या अँडरसन जन्मली. तिचे जुने सामने बघाल तर एक गोष्ट लगेच कळेल, की सरळ पास देणं हिला जणू कमीपणाचं वाटायचं. पाठीमागून पास, एकीकडे बघून दुसरीकडे चेंडू, उडीत असतानाच मनगट फिरवून कीपरला चकवणं. कुणाला हा नुसता दिखाऊपणा वाटायचा. पण गोल होत होते! १९९४ आणि १९९६ ची युरोपियन स्पर्धा, मध्ये अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण (फायनलला आधीच्या दोन ऑलिंपिकची विजेती दक्षिण कोरिया, जादा वेळेत ३७-३३), मग १९९७ चं विश्वविजेतेपद. त्याच वर्षी ती जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. या टीमचा कोच उलरिक विल्बेक. दोघांचे खटके उडायचे, कारण बाईसाहेबांचा राग नाकावर. पंच, कोच, कुणीही समोर असो.

आणि १९९९ मध्ये हृदयाच्या त्रासामुळे खेळणं बंद. वय तीस.

इथपर्यंत ही नेहमीची यशोगाथा आहे, मला त्यात फार रस नाही. मला उत्सुकता पुढची. जिला सांभाळता सांभाळता कोचच्या नाकी नऊ यायचे, तीच कोच झाली! स्लागेल्से या लहानशा गावाच्या क्लबला तिने २००३ मध्ये ईएचएफ कप जिंकून दिला आणि २००४, २००५, २००७ असा तीनदा चॅम्पियन्स लीग. युरोपात क्लबसाठी याहून मोठी स्पर्धा नाही.

पण राग? तो तिथेच होता. २००६ मध्ये एका लीग सामन्यात पंचांवर चिडून तिने आख्खी टीमच कोर्टाबाहेर नेली. तिच्यावर बंदीची कारवाई झाली. लोक म्हणाले, स्वभावाला औषध नाही. मला तसं वाटत नाही. खेळाडूला राग आला की पुढच्या सेकंदाला हातात चेंडू येतो, रागाचं काहीतरी करता येतं. कोचच्या हातात काय असतं? त्या काळी प्रत्येक हाफला एक मिनिटाचा एकच टाइम-आउट, तोही टेबलावर हिरवं कार्ड ठेवून मागायचा. बाकी वेळ बाकावर बसून बघत राहायचं. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांना विचारा, इनपुट आणि आउटपुटमध्ये एवढा उशीर असला की काय होतं ते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या वर्षी गुडघा गेला आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मी मॅनेजर म्हणून बाकावर बसले. आमच्या लेफ्ट विंगला धक्का बसला, पंचांनी शिट्टी मारली नाही. मी उठून ओरडले. ताकीद मिळाली. पुन्हा ओरडले. हँडबॉलमध्ये बाकावरच्या माणसाला दोन मिनिटांची शिक्षा झाली की एक खेळाडू कमी करावा लागतो, हा नियम मला तोंडपाठ होता बरं का! त्या दोन मिनिटांत आम्ही तीन गोल खाल्ले आणि दोन गोलांनी हरलो. बसमध्ये कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता या वर्षी पुन्हा मलाच बसवणार आहेत. परवा प्रॅक्टिसला मी बाकावर एक जुना, हवा गेलेला चेंडू मांडीवर घेऊन बसले आणि सगळा वेळ तो दाबत होते. ज्युनिअर्स हसतात. हसू देत. त्या दिवशी माझी ताकीद एकच, आणि तीसुद्धा हाफ संपायच्या जरा आधी!