शाळेचे नाटक : कोल्हापुरात किती खर्च, कुठे बचत

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये गॅदरिंगची गडबड सुरू होते आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप येतो : नाटकासाठी प्रत्येकी पाचशे रुपये जमा करावेत. बहुतेक जण मुकाट्याने देतात, काही जण कुरकुरतात, आणि पैसे नेमके कशावर गेले हे शेवटपर्यंत कुणालाच नीट कळत नाही. खरे तर नाटकाला रोख पैसा वाटतो तेवढा लागत नाही. माणसे जास्त लागतात, आणि ती कोल्हापुरात शाळेच्या पालकांमध्येच सापडतात.

पुढचा सगळा हिशोब आठवी ते दहावीची २५ मुले, पाऊण तासाचे नाटक आणि एक प्रयोग असा धरला आहे. दर ढोबळ आहेत. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांची गॅदरिंगे एकदम येतात तेव्हा ते चढतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारूनच ठरवा. भाड्याने पोशाख देणारा ड्रेपरीवाला आणि साउंडवाला यांना दिवाळीआधी थोडी आगाऊ रक्कम देऊन तारीख धरून ठेवली तर भाव आणि माल दोन्ही बरे मिळतात.

खर्चाचा निम्मा निकाल संहिता निवडतानाच लागतो. आपल्याकडच्या शाळांना ऐतिहासिक नाटकाची भारी हौस. पण एका मावळ्याचा पोशाख भाड्याने घेतला तर २०० ते ३०० रुपये, राजांचा ७०० ते हजार, शिवाय जिरेटोप, दागिने आणि ढाल-तलवारी. दहा मावळे उभे केले की तीन हजार तिथेच गेले. राजर्षी शाहूंच्या काळातला प्रसंग घेतला तर धोतर, कोट आणि फेटा बऱ्याच घरांतल्या कपाटात निघतो. सामाजिक नाटक असेल तर कपडेपटाचा खर्च जवळजवळ उरतच नाही. मर्दानी खेळ शिकणारी मुले वर्गात असली तरी खरी शस्त्रे रंगमंचावर आणू नका. सुताराकडून लाकडी तलवारी करून घ्या, त्या पुढच्या वर्षीही चालतात.

संहितेच्या हक्कांचे पैसे द्यावे लागतात का, हा प्रश्न शाळेत क्वचितच कुणी विचारतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क शाबूत राहतात. देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये, नाट्यछटाकार दिवाकर १९३१ मध्ये आणि साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यामुळे त्यांचे लेखन आता सर्वांना खुले आहे. ‘श्यामची आई’ मधला एखादा प्रसंग मराठीच्या बाईंनी मुलांना घेऊन स्वतः नाट्यरूपात लिहिला तर कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या कुणी केलेले रूपांतर उचलले तर मात्र त्या रूपांतरकाराचा हक्क वेगळा असतो. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटके २०२९ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. मतकरी आणि तेंडुलकरांचा तर प्रश्नच नाही.

तरीही हक्काखालचे नाटक शाळेला करता येते. कायद्याच्या ५२ व्या कलमात शाळेसाठी सवलत आहे : शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांनी प्रयोग केला आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर तो हक्कभंग ठरत नाही. म्हणून निमंत्रणे मोजून छापा आणि गल्लीभर आवतण देऊ नका. तोच प्रयोग यूट्यूबवर चढवला की ही सवलत हाताशी राहत नाही. बाहेरच्या लोकांना तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हे दोन कागद आधी लागतात. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी तिकिटाच्या भानगडीत पडूच नये.

दिवाकरांच्या नाट्यछटांबद्दल एक सुचवतो. पाच-सहा नाट्यछटांची माळ केली तर नेपथ्य एका खुर्चीवर भागते, आणि तालमीला पंचवीस मुले एकाच वेळी जमवावी लागत नाहीत. क्लासच्या वेळा सांभाळताना टेकीला आलेल्या दहावीच्या पालकांना ही सोय फार मोलाची वाटेल.

आता जागा. सगळ्यात मोठा आकडा इथेच ठरतो. शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आगीने गावाचा हक्काचा रंगमंच गेला आणि बाकीच्या सभागृहांवरचा ताण वाढला. दसरा चौकातले शाहू स्मारक भवन, खासबागेजवळचे गायन समाज देवल क्लबचे सभागृह आणि मोठ्या शिक्षणसंस्थांची स्वतःची सभागृहे हे पर्याय आहेत. केशवराव पुन्हा खुले झाले असेल तर त्याच्या तारखांची चौकशी महापालिकेकडेच करावी.

सभागृह सत्रावर मिळते : सकाळ, दुपार किंवा रात्र. शालेय कार्यक्रमासाठी एका सत्राला आठ ते पंधरा हजार धरून चाला, अनामत वेगळी. फोनवर सांगितलेल्या भाड्यावर विसंबू नका. जीएसटी धरून भाडे किती, ध्वनी आणि प्रकाशयंत्रणा त्यात आहे की वेगळी, वीज मीटरवर आहे का, रंगीत तालमीसाठी अर्धे सत्र मिळेल का आणि वेळ उलटली तर तासाला किती, एवढे लेखी घ्या. रंगमंचाची रुंदी-खोली टेपने मोजून आणा. शाळेच्या हॉलमध्ये बसवलेले नृत्य सभागृहात विंगेवर आदळते ते याच कारणाने.

मुलांचे पहिले नाटक शाळेच्या पटांगणात व्हावे असे मला वाटते. पक्का चौथरा असेल तर मागचा काळा पडदा, दोन्ही बाजूंच्या विंगा आणि वरची झालर एवढेच डेकोरेटरकडून घ्यायचे, तीन हजारांत काम होते. चौथरा नसेल तर चोवीस बाय सोळाच्या स्टेजचे आठ ते बारा हजार होतात. उघड्यावर करायचे असेल तर संध्याकाळी सातनंतर, म्हणजे प्रकाशयोजना दिसते.

ज्यावर हात आखडू नये अशी एकच बाब आहे : आवाज. मुलाने महिनाभर पाठ केलेले वाक्य तिसऱ्या रांगेत पोहोचले नाही तर बाकी सगळा खर्च वाया गेला. साउंडवाले बहुधा लग्न-वरातीची मोठी पेटी आणतात. ती गाण्याला ठीक, संवादाला कुचकामी. त्यांना स्पष्ट सांगा की भाषण नाही, डीजे नाही, नाटक आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत तीन आणि वर टांगलेले दोन माइक पंचवीस मुलांना पुरतात. कॉलर माइक दिवसाला पाचशे ते आठशे रुपयांना एक पडतो, आणि ऐन प्रवेशात त्याची बॅटरी संपते. मुख्य दोन पात्रांना हवे तर द्या. मिक्सर आणि माणसासह एकूण सहा हजार धरा, आणि त्याच माणसाला रंगीत तालमीलाही बोलवा. त्या दिवसाचे हजार-दीड हजार तो जास्त मागेल. रास्त आहे, द्या.

प्रकाशाला चार-पाच हजार. आठ पार, दोन स्पॉट आणि एक डिमर. हॅलोजनपेक्षा एलईडी दिवे घ्या, ते कमी तापतात. नायलॉनचा पडदा आणि तापलेला दिवा यांच्यात हातभर तरी अंतर हवे, आणि विंगेत चालू स्थितीतले अग्निशामक नळकांडे हवे. निरांजन, मशाल, उदबत्ती सगळे खोटे. केशवरावची जळकी भिंत पाहिलेल्या गावाला हे पटवून द्यावे लागू नये, पण आरतीच्या प्रसंगाला खरा कापूर लावायचा हट्ट धरणारे दिग्दर्शक अजून आहेत.

नेपथ्याकडे येऊ. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमात शिरण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्याच गावात आज शाळेच्या नाटकामागे फ्लेक्स लागतो! वीस बाय बाराच्या फ्लेक्सला चौरस फुटाला १५ रुपये धरले तरी ३,६०० होतात, वर प्रकाश पडला की तो चकाकतो, आणि दुसऱ्या दिवशी निरुपयोगी. त्याच मापाचा मांजरपाटाचा पडदा करून पाहा. तीन फूट पन्ह्याच्या सात पट्ट्या, म्हणजे साधारण २६ मीटर कापड, मीटरला ६० ने १,५६०. भुकटीचे रंग, डिंक आणि ब्रशांना आठ-नऊशे. शिवण पालकांपैकी कुणा शिंप्याची. अडीच हजारांत पडदा होतो आणि पुढच्या वर्षी पांढरा हात मारून पुन्हा वापरता येतो. रंगवायला कलानिकेतन महाविद्यालयातली दोन मुले मानधनावर बोलवा, शाळेची मुले त्यांच्या हाताखाली भरतील.

याहून स्वस्त माल गल्लीतच पडून असतो. गणेशोत्सवात सजीव देखावे करणाऱ्या तालीम मंडळांकडे प्लायची खोकी, लेव्हल, कमानी, कापड आणि दिव्यांच्या वायरी असतात, आणि अनंत चतुर्दशीनंतर त्या वर्षभर पडून राहतात. मंडळाचा एखादा कार्यकर्ता शाळेत पालक म्हणून असतोच. मुख्याध्यापकांचे पत्र न्या, टेम्पोचे हजार रुपये तुम्ही द्या, वस्तू जशी नेली तशी परत करा. एकदा शब्द राखला की पुढच्या वर्षी ते स्वतः विचारतील.

म्हणून वर्गणीच्या निरोपाआधी दुसरा निरोप जायला हवा : तुम्हाला काय येते? सुतारकाम, शिवण, वायरिंग, मेंदी, फेटा बांधणे, हिशोब, टेम्पो चालवणे. पाचशे रुपये देणे ज्या घराला जड आहे तिथला बाप दोन तासांत दरवाजाची चौकट उभी करतो, आणि त्याच्या पोराची मान वर राहते. रोख वर्गणी घ्यायचीच तर ती ऐच्छिक असावी आणि पालक-शिक्षक संघामार्फत पावतीवर घ्यावी. पैसे दिले नाहीत म्हणून भूमिका गेली असे एकाही मुलाबाबत होऊ देऊ नका. उरलेली रक्कम साध्या चार पानी स्मरणिकेतून निघते. पेठेतले दुकानदार जाहिरातीला पाचशे-हजार सहज देतात.

पालकांच्या मदतीला बांधही हवा. विंगेत प्रत्येक बाजूला एकच पालक, आणि तो आपल्या मुलाच्या बाजूला नको. व्हिडिओ एकानेच काढायचा, बाकीच्यांनी बसून नाटक बघायचे. भूमिका कुणाला द्यायची हे फक्त दिग्दर्शक ठरवणार, हे पहिल्याच बैठकीत मुख्याध्यापकांनी सांगून टाकावे. मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीशी शिक्षिका हवी, आणि उशिरा संपणाऱ्या तालमीनंतर कोण कुणाला घरी सोडणार याची यादी फळ्यावर हवी.

दिग्दर्शक बाहेरून आणला तर महिन्याचे दहा ते पंचवीस हजार मागतो आणि बहुधा स्वतःचे गाजलेले नाटक मुलांवर बसवतो. त्यापेक्षा शाळेतलेच हौशी शिक्षक आणि मदतीला शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागातला एखादा विद्यार्थी, पाच हजार मानधनावर. रंगभूषेला तीन हजार पुरतात. शाळकरी चेहऱ्यांना थरांची गरज नाही, दाढी-मिशा आणि म्हातारपण तेवढे जमले की झाले.

पटांगणातल्या प्रयोगाचा हिशोब असा बसतो. संहितेच्या झेरॉक्स हजार, पडदे-विंगा तीन हजार, आवाज सहा, प्रकाश पाच, नेपथ्य पाच, भाड्याचे कपडे तीन, रंगभूषा तीन, किरकोळ प्रॉपर्टी दीड, टेम्पो दीड. खाण्याला सहा हजार : चाळीस माणसे, तीन दिवस, माणशी पन्नास. प्रयोगाआधी मिसळ मात्र नको, पोहे द्या. घसे सांभाळायचे आहेत. बेरीज पस्तीस हजार, वर दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे ३८,५००. साउंडवाल्याचा तालमीचा दिवस त्या दहा टक्क्यांतून जाईल, मदतनीस विद्यार्थ्याचे मानधन यात धरलेले नाही. मंडळाचा माल, घरचे कपडे आणि पालकांचे हात मिळाले तर हाच आकडा पंचवीस हजारांवर येतो. सभागृहात गेलात तर साठ ते सत्तर हजारांची तयारी ठेवा.

ड्रेपरीचे कपडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत गेले नाहीत तर आणखी एका दिवसाचे भाडे लागते, हरवलेल्या कमरपट्ट्याचे वेगळे. प्रयोग संपल्यावर टाळ्या आणि फोटोंच्या गर्दीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून कपडे मोजून घेणारे दोन पालक आधीच नेमा आणि त्यांना मेकअपच्या खोलीच्या दारातच बसवा. सभागृहाची अनामत परत मागायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, आणि बिलांसह हिशोब सूचनाफलकावर लावा.