सावली आखूड असताना

१. रोगाला स्वस्तातलं कारण मिळालं की आपण त्याला घट्ट धरून बसतो. माझ्या टू-डी इकोत ईएफ ३५ आला. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं ३५ टक्केच दर ठोक्याला पुढे जातं. धडधाकट माणसाचं ५५च्या वर. त्याच फायलीत दुसरा कागद होता : ड जीवनसत्त्व ९, निदान २० तरी हवं. मला गुन्हेगार सापडल्याचा आनंद झाला. ‘हार्ट वीक आहे’ यापेक्षा ‘जरा डी कमी आहे’ हे फोनवर सांगायला किती सोपं!

२. अर्धवट वाचन उपचारापेक्षा लवकर गुण देतं, निदान तसं वाटतं. हृदयाच्या स्नायूपेशींना ड ची चाहूल लागते, तशी सोय त्यांच्यात असते. ड नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, आणि कॅल्शियमवाचून तो स्नायू आकुंचन पावत नाही. लंडनच्या सिडनी रिंगरला हे १८८०च्या दशकात चुकून कळलं. बेडकाचं हृदय ज्या क्षाराच्या पाण्यात छान धडधडत होतं, ते नळाच्या पाण्याचं निघालं. शुद्ध पाणी घेतलं तर हृदय मंदावून थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम काम करत होतं! ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवली. ड-कॅल्शियमअभावी हृदय फुगलेली तान्ही बाळं उपचारानं पूर्ववत होतात, हेही. आपण अठ्ठावन्न वर्षांचे आहोत, एवढं मात्र सांगायचं राहून जायचं.

३. उन्हालाही अक्कल लागते. दोन महिने मी रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. सरकत्या काचा बंद, कारण धूळ येते. पुढे कळलं, ड बनवणारे किरण काचेतून येतच नाहीत. शिवाय आजीच्या लाडक्या कोवळ्या उन्हात ते फारच थोडे; आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. दोन महिन्यांत फक्त पेपर वाचून झाले.

४. लाल पेन पक्षपाती असतं. लीड्समध्ये हृदय अशक्त असलेल्यांना वर्षभर रोज ४,००० युनिट ड दिलं. २०१६चा निष्कर्ष असा की ईएफ सुधारला. याखाली मी दोन रेघा मारल्या. लेकीनं पुढचं वाक्य वाचलं, “बाबा, सहा मिनिटांत चालायचं अंतर काही वाढलं नाही त्यांचं.” मग तिनंच बाकीचंही शोधलं. जर्मनीत तोच डोस तीन वर्षं देऊनही मृत्यू घटले नाहीत. अमेरिकेत जवळजवळ २६ हजार माणसांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीत झटकेही कमी झाले नाहीत.

५. डॉक्टरांनी एकच विचारलं, “काका, उन्हात शेवटचे कधी गेला होतात?” आठवेना. दम लागतो म्हणून टेकडी सोडली, मग बाग, मग भाजीसुद्धा घरपोच. म्हणजे ड घटलं म्हणून हृदय थकलं, की हृदय थकलं म्हणून मी घरात बसलो आणि ड घटलं? ज्याला आरोपी म्हणून पकडलं तो बहुधा नुसता साक्षीदार होता. हे उलटं वाचायला मला वर्ष लागलं, आणि सांगायला अजूनही जरा लाज वाटते.

६. ड ची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एकच घ्यायची असते. मी दोन घेतल्या, महिनोन्महिने. कॅल्शियम वर गेलं, मळमळायला लागलं. जास्तीच्या कॅल्शियमनं ठोक्यांची लयही बिघडते म्हणे. रिंगरची गोष्ट सांगणं त्यानंतर बंद केलं.

७. आता ईएफ ४५ आहे, ड ३४. श्रेय कोणाला, तर डॉक्टर हृदयाच्या चार गोळ्यांकडे बोट दाखवतात. तरी मी साडेअकराला गच्चीवर जातो, बाह्या वर करून. परवा शेजारच्या वहिनी कुरडया घालत होत्या. म्हणाल्या, “बसणारच आहात तर कावळे हाका,” आणि हातात काठी दिली.