न्यायाधीश घडतात कुठे?

पुण्याच्या जिल्हा न्यायालयात काही वर्षं वकिली करून मी न्यूयॉर्कला एलएलएमला गेले. मॅनहॅटनच्या फेडरल ट्रायल कोर्टात एका न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये इंटर्न म्हणूनही बसले. तिथे कळलेल्या काही गोष्टी.

१. फेडरल न्यायाधीशपदासाठी परीक्षाच नसते, हे मला पचेना. आपल्याकडे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी (जेएमएफसी) होण्यासाठी पोरं वर्षानुवर्षं दिवाणी प्रक्रिया संहिता घोकतात. तिथे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देतं, नेमणूक तहहयात. राज्यघटनेत कायद्याच्या पदवीचीही अट नाही! आमची घोकंपट्टी अगदीच वाया गेली असं मात्र मी अजून म्हणणार नाही.

२. मग तयारी होते कुठे? मला उत्तर सापडलं ते कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्या चरित्रात. १९६६ साली त्या याच कोर्टात आल्या; देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश. वडील येलमध्ये स्वयंपाकी, कॉलेजला पैसे नाहीत. न्यू हेवनच्या एका सभेत ही मुलगी तडफेनं बोलली. ते ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाच्या श्रीमंत गृहस्थांनी तिचा खर्च उचलला. १९४६ला कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी, मग वकील थर्गुड मार्शल यांच्याबरोबर नागरी हक्कांचे खटले. सर्वोच्च न्यायालयात दहा प्रकरणं लढवली, नऊ जिंकली. पण त्यांची खरी शाळा अमेरिकेच्या दक्षिणेतली ट्रायल कोर्टं असावीत. न्यायाधीशाचा कल आधीच ठरलेला असला की समोरच्याला कसं वाटतं, हे त्या तिथे उभ्यानं शिकल्या.

३. जिंकलेल्या खटल्यांची किंमतही मोजावी लागते. मिसिसिपी विद्यापीठाचं दार जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मॉटलींनी उघडून दिलं. सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष ईस्टलँड त्याच मिसिसिपीचे. त्यांनी अडवून धरल्यानं, जानेवारीत सिनेटकडे गेलेलं मॉटलींचं नाव ऑगस्टअखेर मंजूर झालं.

४. निःपक्ष माणूस म्हणजे कोरी पाटी, अशी माझी बाळबोध समजूत होती. १९७५ साली स्त्री-वकिलांशी भेदभाव केल्याचा एका बड्या लॉ फर्मवरचा दावा मॉटलींपुढे आला. तुम्ही स्त्री, त्यात कृष्णवर्णीय, तेव्हा बाजूला व्हा, असा फर्मचा अर्ज. त्यांनी तो फेटाळला. वंश, लिंग, पूर्वायुष्य एवढ्यावरच न्यायाधीश बाद होणार असतील, तर या कोर्टात एकही उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. पुरुष न्यायाधीशही कोऱ्या पाटीचा नसतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

५. ट्रायल कोर्टात ट्रायलच फार थोड्या. दहातले नऊएक आरोपी गुन्हा कबूल करतात, त्यामुळे सिनेमात पाहिलेली उलटतपासणी बघायला मी ताटकळत राहिले. शिक्षा ठरवणं हेच मोठं काम. आमचे न्यायाधीश आदल्या संध्याकाळी आरोपीच्या घरच्यांची पत्रं वाचत, पेन्सिलनं बारीक खुणा करत. एका आईनं फक्त बसचे मार्ग लिहिले होते, कुठल्या तुरुंगापर्यंत आपल्याला जाता येईल ते. दुसऱ्या दिवशी शिक्षेत महिनाही कमी झाला नाही. मात्र घराजवळच्या तुरुंगाची शिफारस त्यांनी आदेशात घातली. शिफारसच, ठरवतं तुरुंग खातं.