हिरडीतलं रक्त आणि वजू

प्रश्न : मिस्वाक करताना हिरडीतून रक्त आलं, तर वजू पुन्हा करावा लागतो का?

उत्तर : हे पंथावर ठरतं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे अशा रक्ताने वजू तुटत नाही, तोंड मात्र धुवावं लागतं. हनफी मतात थुंकीचा रंग पाहतात. पिवळसर असेल तर वजू कायम. लालसर असेल, म्हणजे रक्त थुंकीइतकं किंवा जास्त, तर वजू पुन्हा.

आणि रक्त थांबतच नसेल तर? सन 644 मध्ये खंजिराच्या वारांनी घायाळ झालेल्या खलिफा उमर यांनी जखम वाहत असतानाच नमाज अदा केला होता. एका नमाजाच्या संपूर्ण वेळात उसंतच मिळाली नाही, तर हनफी मतानुसार माणूस ‘माजूर’ ठरतो. मग प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी एक वजू पुरतो. आजाऱ्यांनी ही सवलत निःसंकोच घ्यावी. हिरड्या रोजच रक्ताळत असतील, तर दंतवैद्यांनाही दाखवावं.