आमवाताची गोळी रोजची नाही, हप्त्याची!



आपल्या एका तांडेलाच्या घरी जे झालं त्यावरून हे लिहितोय. घरातल्या बाईंना आमवात. सकाळी तासभर बोटं आखडलेली, मासळी निवडताना मूठ वळेना. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिली. पाकिटावर गुजरातीत लिहिलं होतं, ‘अठवाडिये १’, म्हणजे आठवड्याला एक. बाईंना गुजराती वाचता येत नाही, त्यांना फक्त १ दिसला. रोज घेतली. आठ दिवसांत तोंड आतून सोललं, पाणी गिळवेना, भरती करावं लागलं. आता बऱ्या आहेत.

ही गोळी जास्त डोसात कॅन्सरला देतात. आमवाताला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही हप्त्यातून एकदाच. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी असते. बऱ्याचदा दोन्ही पिवळ्याच, म्हणून घोटाळा होतो. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा.

आता लिव्हरचं. या औषधाने लिव्हरला सूज येऊ शकते, पण दुखत काहीच नाही. कळतं ते रक्तातून, एसजीपीटी-एसजीओटी वाढतं. सुरुवातीला दोन-चार हप्त्यांनी, नंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणी हवीच. वाढलेलं दिसलं की डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात, आणि बहुतेकांचं खाली येतं. लेफ्लुनोमाइडलाही हाच नियम. औषध सुरू करण्याआधी कावीळ बी आणि सीची तपासणी झाली का, तेही विचारा.

दारूबंदी असली तरी दमण किती लांब आहे ते मला सांगू नका. ही गोळी आणि दारू, दोन्ही लिव्हरवरच पडतात.

बोटीवरची गोष्ट वेगळी. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. उन्हात पाणी कमी पडलं, उलट्या-जुलाब झाले, तर ते अंगात साठतं. अशा वेळी त्या हप्त्याची गोळी थांबवा, डॉक्टरांना फोन करा. डब्यातली डायक्लोफिनॅक वरून मारू नका. निमेसुलाइडवर लिव्हरच्याच भीतीने २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आली.

झाडपाला म्हणजे निर्धोक, असंही नाही. २०२० च्या शेवटी मुंबईच्या डॉक्टरांकडे लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण आले, सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. तरी काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

भीतीने गोळी परस्पर बंदही करू नका. सांधे एकदा वाकडे झाले की सरळ होत नाहीत.

डोळे पिवळे, लघवी गडद, तोंडात फोड, ताप, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी सिव्हिल किंवा स्मीमेर गाठा.

ज्यांना चिठ्ठी वाचता येत नाही त्यांनी पाकीट घेऊन ऑफिसात या, मराठीत वार लिहून देतो.

— सेक्रेटरी