डोक्याच्या रिपोर्टमध्ये कानाची ओळ



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई कर्ज मागायला आल्या. रक्कम ३० हजार, कारण 'कानाचं ऑपरेशन'. मी विचारलं, "कान दुखतो का?" नाही. "वाहतो का?" नाही. "ऑपरेशन कोणी सांगितलं?" तेही कोणी नाही! डोकं दुखायचं म्हणून त्यांनी एमआरआय काढला होता. मेंदू नॉर्मल होता, पण रिपोर्टच्या शेवटी 'मॅस्टॉइडायटिस' असा शब्द होता. पुतण्याने तो मोबाइलवर शोधला, हाड सडतं असं वाचलं आणि घरात रडारड सुरू झाली. गटाने ठरवलं, आधी कान दाखवू, मग कर्जाचं बघू.

आजचा धडा त्यावरच आहे.

कानामागे काय असतं?

कानाच्या पाळीमागे बोट लावा. कडक उंचवटा लागतो ना? ते मॅस्टॉइड हाड. आतून ते मधाच्या पोळ्यासारखं असतं, बारीक बारीक कप्पे आणि त्यात हवा. हे कप्पे कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला जोडलेले असतात. त्या पोकळीतून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. सर्दी किंवा अॅलर्जीमुळे ही नळी सुजली की मोरी तुंबल्यावर पाणी साचतं तसंच आत होतं. थोडा द्रव साचतो. एमआरआयमध्ये असा द्रव पांढरा, उठून दिसतो.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी आपला कान पाहिलेला नसतो. त्यांना द्रव दिसतो, तो ते लिहितात. कधी 'फ्लुइड' लिहितात, तर कधी 'मॅस्टॉइडायटिस'. पुष्कळदा खाली 'क्लिनिकल कोरिलेशन' असंही लिहिलेलं असतं. म्हणजे, पेशंटला तपासा आणि मग ठरवा. त्रास काहीच नसेल तर अशी ओळ बहुतेक वेळा गंभीर नसते. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. म्हणून कान एकदा दाखवायचाच.

खरा आजार कसा ओळखायचा?

खालीलपैकी काही असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा:

- कानामागे सूज, लाली, हात लावला तरी दुखणं
- ताप आणि कान ठणकणं
- कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं (लहान मुलांमध्ये खास बघा)
- कानाच्या त्रासासोबत तोंड वाकडं होणं, चक्कर, उलट्या, मान आखडणं

कान वारंवार वाहत असेल, घाण वास येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर दुखत नसला तरी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. असा आजार हळूहळू हाड खातो.

डॉक्टरांकडे जाताना

फक्त रिपोर्टचा कागद नको, फिल्मही न्या. आणि हे विचारा:

१. माझ्या कानाचा पडदा कसा आहे?
२. ऐकण्याची तपासणी करायची का?
३. द्रव एकाच बाजूला आहे की दोन्ही? (मोठ्या माणसात एकाच बाजूला राहत असेल तर नाकाची मागची बाजूही तपासतात.)
४. डोकेदुखी यामुळेच आहे, की तिचं कारण वेगळं?

चौथा प्रश्न विसरू नका. डोकेदुखीमागे अर्धशिशी, ताण, चष्म्याचा नंबर असं वेगळंच काही असू शकतं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस दुखण्याच्या गोळ्या खात राहिलं, तर काही महिन्यांनी त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. कानाच्या ओळीत अडकलो तर हे सगळं बाजूला राहतं.

आणि तोपर्यंत कानात तेल, लसणाचा रस, काडी, पिन काहीही नको. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत.

पुढे काय झालं?

ताईंचा पडदा चांगला निघाला, ऐकणंही ठीक. कानासाठी औषधही लागलं नाही. डोकेदुखी अर्धशिशीची होती, तिचे उपचार सुरू झाले. कर्जाचा अर्ज त्यांनी परत घेतला.

पण त्याच बैठकीत कोपऱ्यातून दुसऱ्या ताई हळूच म्हणाल्या, "माझा कान तर लहानपणापासून वाहतो. दुखत नाही, म्हणून कधी दाखवला नाही." जिला काही नव्हतं ती रात्रभर जागी आणि जिने दाखवायला हवं होतं ती निवांत! त्या आता जिल्हा रुग्णालयात जाऊन आल्या. पडद्याला भोक आहे, पुढच्या तपासण्या चालू आहेत. गरज पडली तर गट त्यांच्या पाठीशी आहे.

या महिन्याच्या बैठकीत

प्रत्येकीने दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: माझ्या घरात कोणाचा कान वाहतो का? कोणाला हाक ऐकू येत नाही का? सचिवताईंनी नावं वहीत लिहून आशाताईंना द्यावीत. दवाखान्यात एकटीने जायला भीती वाटत असेल तर सांगा, गटातली एक जण सोबत येईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक