महिला फुटबॉल : यशामागील संस्थात्मक संस्कृती

लखनौ शहर तहजीब, चिकनकाम आणि हॉकीसाठी परिचित आहे. मात्र भारतीय महिला फुटबॉलच्या इतिहासातही या शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये येथेच स्थापन झाला. स्त्रीशिक्षणाच्या कार्यात अग्रेसर असलेल्या बेगम हमीदा हबीबुल्ला या त्याच्या अध्यक्षा होत्या. पुढे १९८३ मध्ये थायलंडमध्ये झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत भारताने उपविजेतेपद मिळविले. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत.

हे यश पुढे टिकले नाही. गुणवत्ता होती, उत्साहही होता; परंतु दरवर्षी नव्या खेळाडू घडविणारी व्यवस्था पुरेशी रुजली नव्हती. अशी व्यवस्था महाविद्यालयात उभी राहू शकते काय, हा येथे विचारात घेण्याचा प्रश्न आहे.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदास बंदी केली. त्यावेळी माध्यमिक शाळांतील सुमारे तीन लाख मुली खेळांत भाग घेत होत्या. आज ही संख्या तीस लाखांहून अधिक आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाने १९८२ ते २०१२ या काळात २१ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स यांनी सरावातील प्रत्येक चुरशीची नोंद ठेवण्याची व ती संघासमोर मांडण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे संघातील स्थान मर्जीवर नव्हे, तर कामगिरीवर ठरू लागले. संघाची संस्कृती म्हणतात ती हीच : सर्वांना ठाऊक असलेले नियम आणि त्यांचे रोजचे पालन.

आपल्याकडील अडचण

आपल्याकडे मुलीच्या खेळाचा खर्च केवळ बूट व चेंडूपुरता नसतो. घरकामातून काढलेला वेळ, सकस आहार, सरावानंतर सुरक्षित घरी पोहोचण्याची सोय आणि विवाहाबाबतची चिंता हाही तिच्या कुटुंबाच्या दृष्टीने खर्चच असतो. त्याचा भार कुटुंबाने एकट्याने सोसावा अशी अपेक्षा असेल, तर सर्वप्रथम गळतात त्या गरीब घरच्या मुली. वसतिगृह, महिला प्रशिक्षक, मैदानाची राखीव वेळ, परीक्षांशी जुळणारे वेळापत्रक आणि शिष्यवृत्ती यांद्वारे महाविद्यालय हा भार वाटून घेऊ शकते.

लखनौमधील इझाबेला थोबर्न महाविद्यालयाचा आरंभ १८७० मध्ये सहा मुलींच्या शाळेने झाला. १८८६ मध्ये तेथे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले. मुलींच्या उच्च शिक्षणाबद्दलचा समाजाचा संकोच अशा संस्थांच्या सातत्याने दूर झाला. खेळाबाबतही मार्ग तोच आहे.

जुलै २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्रता मिळविली. १९८३ नंतर झाले ते पुन्हा घडू द्यायचे नसेल, तर केवळ पदकविजेत्यांचा गौरव पुरेसा नाही. पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या, अद्याप एकही सामना न खेळलेल्या मुलीसाठी मैदान, प्रशिक्षक आणि वेळ यांची तरतूद महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात दरवर्षी असणे अधिक आवश्यक आहे.